पाठराखिणीची पेटी

मेणपतंग दिसायला अगदी गरीब. साळीच्या दाण्याएवढं अंग, रुपेरी राखाडी रंग, डोक्याला हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळेपणा. पंख मिटून बसला की पेटीच्या फळीचं ढलपं वाटावं. पंख फुटल्यावर तो काही खात नाही. आठवडाभर जगतो, जोडी जमवतो आणि मरतो. खाण्याचं काम त्यानं अळी असतानाच उरकलेलं असतं. मादी तिन्हीसांजेला माश्यांच्या पेटीत शिरते, फटीत अंडी घालते, ती इतकी बारीक की माणसाच्या डोळ्याला दिसत नाहीत. अंड्यातून निघालेली अळी मेणाच्या पोळ्यात बोगदा पाडते, मागं रेशमाचं जाळं विणत पुढं सरकते. राखण चुकली तर महिन्याभरात पोळ्याचा भुगा. मग ती लाकडाला चिकटून कोश करते आणि त्यातून पुन्हा तोच गरीब चेहऱ्याचा पतंग बाहेर येतो. कोकणच्या दमटात, देशावरच्या उन्हात, सह्याद्रीच्या धुक्यात, जिथं मधमाशी तिथं तो. सोसत नाही ती फक्त बर्फाची थंडी.

उंबरखोऱ्यातल्या माणसांनी या जिवाला पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घातल्या होत्या, आणि त्यात भागोजी ढेबे सगळ्यांच्या पुढं होता.

उंबरखोरं म्हणजे धरणाच्या पाण्यानं तीन अंगांनी वेढलेली डोंगराची पाचर. चौथ्या अंगाला सरळ कडा. जायचं तर लाँचनं, यायचं तर लाँचनं. वस्ती गवळी धनगरांची. जंगलाचे कायदे आले, म्हशी कमी झाल्या, तशी माणसं सातेरी मधमाशीच्या मधावर जगायला शिकली. घराघरापुढं लाकडी पेट्या होत्या. भागोजीची बायको लेक लहान असतानाच गेली, त्यामुळं तनुजा बापाच्या आणि माश्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. माशी कधी चिडणार, कधी पेटी सोडून उठणार हे तिला आवाजावरून कळे. भागोजीच्या मनात एकच घोर होता. बिनआईची पोर परक्या घरी जाईल तेव्हा तिथं तिला मान मिळावा.

त्या खोऱ्याची एक रीत होती. नवरीबरोबर चार दिवस राहून परत येणाऱ्या बाईला बाकी गावांत पाठराखीण म्हणतात. इथं लेकीबरोबर माश्यांची पेटी जाई आणि तिलाच पाठराखीण म्हणत. ती परत येत नसे. घरातल्या सगळ्यांत जुन्या वसाहतीची माशी नव्या पेटीत भरायची आणि आत त्याच वसाहतीच्या पोळ्याचा तळहाताएवढा तुकडा बांधायचा. आईच्या पदराचा वास असला की मूल झोपतं, तशी जुन्या मेणाच्या वासावर माशी नव्या घरी ठरते, असं खोऱ्यात मानत. ते खोटंही नव्हतं.

डॉक्टर गार्गी खरात पहिल्यांदा लाँचमधून उतरली तेव्हा लोकांना वाटलं, दवाखाना काढायला आली. ती किड्यांची डॉक्टर निघाली. भागोजीच्या अंगणात बसून तिनं एक लहान यंत्र पेटीजवळ धरलं. संध्याकाळ होती. यंत्रातून बारीक, भराभर टिकटिक येऊ लागली. ती म्हणाली, हा मेणपतंगाचा नर आहे, पंख थरथरवून मादीला हाक घालतोय. आवाज इतका उंच असतो की माणसाच्या कानाला लागत नाही, यंत्र तो खाली उतरवून ऐकवतं. भागोजी चकित झाला. ज्याला जन्मभर मारलं तो हाक मारतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग तिनं आपलं काम सांगितलं. प्रत्येक जिवात प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. पोराला त्यातली कुठली तरी एक मिळते, म्हणून एखादी वेगळी प्रत निम्म्याच पोरांत जाते. तिच्या संस्थेनं पतंगात घातलेली प्रत मात्र आपल्याबरोबर कात्री घेऊन फिरत होती. जिवाच्या बीजात ती समोरची चांगली प्रत कापायची आणि त्या जागी स्वतःची नक्कल बसवायची. मग ती निम्म्यांत न जाता सगळ्या पोरांत जायची. नराला त्यानं काही होत नव्हतं. एकाच बाजूनं ती मिळालेली मादीही अंडी घालत राही. पण आई आणि बाप दोघांकडून मिळाली की मादी वांझ. सुरुवातीला कुणाला काही कळणार नाही, प्रत पसरत जाईल, आणि एक वेळ अशी येईल की खोऱ्यातली प्रत्येक मादी वांझ असेल.

भागोजी म्हणाला, असलं औषध साऱ्या मुलखाला का देत नाही? गार्गीनं मान हलवली. तो जीव सगळीकडून गेला तर काय बिघडेल हे आम्हाला ठाऊक नाही, म्हणून पाण्यानं वेढलेलं खोरं शोधलं. पतंग पाण्यावरून लांब उडत नाही. तो माणसाच्या पेट्यांतून फिरतो. तेव्हा काही वर्षं इथली पेटी, इथलं पोळं, मेणाचा गोळासुद्धा खोऱ्याबाहेर जाता कामा नये. भागोजीनं सगळ्या वाडीच्या वतीनं देवळाच्या पायरीवर हात ठेवून शब्द दिला. त्याला तेव्हा काही जड वाटलं नाही.

पतंग सोडले आणि पुढच्या वर्षी तनुजाचं लग्न ठरलं.

स्थळ घाटाखालचं, तळेखोलच्या मंगेश आखाड्याचं. घर चांगलं, काजूची बाग. सासू तोंडाची फटकळ, पण मनात ठेवणारी नव्हती. तनुजा स्वतः म्हणाली, आबा, पेटी नको, डॉक्टरबाई नको म्हणतात. भागोजीनं मान डोलावली. पण लग्न जवळ येऊ लागलं तसं त्याचं अन्न गोड लागेना. वाडीतल्या बायका बोलायच्या थांबत नव्हत्या. आई नाही, पाठराखीणही नाही, पोर अगदीच उघडी चालली. तो लेकीला म्हणाला, आई न्हाय तर एवढं तरी तुझ्याबरोबर येऊ दे.

त्यानं नवी पेटी उकळत्या पाण्यानं धुतली, उन्हात तापवली, फटींवरून जाळ फिरवला. चौकटी कोऱ्या घेतल्या. मग जुन्या पोळ्याचा तुकडा कापून उन्हासमोर धरला आणि उलटसुलट करून पाहिला. बोगदा नाही, जाळं नाही. केळीच्या सोपटानं त्यानं तो चौकटीला बांधला.

गार्गी लग्नाला आली होती. लाँच सुटायच्या वेळी तिला नवरीच्या मांडीवर फडक्यात बांधलेली पेटी दिसली. ती भागोजीला बाजूला घेऊन गेली.

"मामा, पेटी नवी आहे?"

"नवी. उकळत्या पाण्यानं धुतलीय. चौकटीबी कोऱ्या."

"आणि आत पोळं?"

"हाताएवढा तुकडा हाय. उन्हाला धरून बघितलाय मी. कीड न्हाय त्यात."

अंडी उन्हाला धरून दिसत नाहीत हे गार्गीनंच त्याला सांगितलं होतं. तिनं लाँचकडं पाहिलं. तनुजा रडत नव्हती. पेटीवर दोन्ही हात ठेवून, आतला आवाज ऐकत असल्यासारखी मान कलती करून बसली होती. वऱ्हाडी घाई करत होते. गार्गीच्या ओठांवर काहीतरी आलं आणि तिथंच राहिलं. लाँच सुटली.

पुढं काही काळ सगळं सुखाचं गेलं. उंबरखोऱ्यातली पोळी भुगा व्हायची थांबली, माश्या दाटल्या. एका संध्याकाळी गार्गी यंत्र घेऊन सगळ्या वाडीभर फिरली, कुठंच टिकटिक आली नाही. वाडीनं जेवण घातलं. तात्या ढेबे पंगतीत म्हणाला, चला, आता किडीला पोखरायला आम्ही म्हातारेच तेवढे राहिलो. सगळे हसले. गार्गी हसली नाही. येताना तिनं धरणापलीकडच्या गावांतही यंत्र धरलं होतं आणि तिथंही टिकटिक नव्हती. तिथं असायला हवी होती.

त्यानंतर टिकटिक थांबल्याचे निरोप तिला जिथून येत गेले ती गावं घाटाखालची, मग देशावरची, मग पार कर्नाटकाच्या हद्दीची. शेतकरी खूश होते. मधवाले खूश होते. संस्थेतल्या मोठ्या लोकांनी तिला सांगितलं की हे मुद्दाम केलं नाही एवढं खरं, पण झालं ते बरंच झालं, आता बोभाटा नको. भागोजीच्या कानावर आलं तेव्हा त्यालाही आत कुठंतरी बरंच वाटलं. आपली चूक पुण्याच्या खात्यात जमा झाली असं समजून तो गप्प राहिला.

मग कूज आली.

पहिल्यांदा ती भागोजीला त्याच जुन्या वसाहतीत दिसली, जिच्यातून तनुजाची पाठराखीण काढली होती. पोळ्यातल्या माशीच्या पिल्लांची घरटी खचलेली, काळपट. काडी घालून ओढली तर सरसासारखा तपकिरी धागा लांबत वर येई. वास सुतारानं सरस शिजवल्यासारखा. पावसाळ्याआधी ती वसाहत संपली, पावसाळ्यानंतर शेजारच्या. वर्ष पालटेपर्यंत वाडीत घुमणारी पेटी उरली नाही.

गार्गी आली, तपासलं, आणि अंगणात बसून राहिली. रोग जुनाच होता, परदेशात शेकडो वर्षं माहीत असलेला. आपल्या सातेरीला तो क्वचित लागे आणि लागला तरी पसरत नसे. का पसरत नसे याचा कुणी विचार केला नव्हता. रानात एखादी वसाहत मेली की ढोलीतलं तिचं पोळं मागं राहतं. रोगाचं बी त्या पोळ्यात माणसाच्या आयुष्याएवढं जिवंत राहतं. पण पोळंच राहत नसे. मेणपतंग यायचा, अळ्या पोळ्याचा भुगा करायच्या, भुगा खाली पडून मुंग्यांच्या आणि मातीच्या तोंडी जायचा, आणि पुढच्या माशीला कोरी ढोली मिळायची. आता ढोल्याढोल्यांतून मेलेल्यांची घरं जशीच्या तशी टांगलेली होती. नवी माशी आयतं घर म्हणून त्यात शिरायची आणि मरायची.

"म्हंजे तो घर झाडत हुता," भागोजी म्हणाला.

"हो. आपण झाडणारा घालवला."

ती आपण म्हणाली, तुम्ही म्हणाली नाही. त्यानं तो बोल मनात ठेवला, पण तेवढ्यानं ओझं हलकं झालं नाही.

वाडीतल्या माणसांनी पतंगाचं काम हातानं करून पाहिलं. दोर लावून कड्यावर चढायचे, ढोल्या खरवडायचे, पोळी पोत्यात भरून खाली जाळायचे. पण ज्या ढोल्यांपर्यंत माणूस पोचतो त्यापेक्षा न पोचणाऱ्या कितीतरी जास्त. तात्याचा लेक दोरासकट खाली आला आणि कंबरेतून गेला. त्यानंतर कुणी चढलं नाही. परसात भोपळ्याला फूल येई आणि फळ न धरताच गळे. बायका कोंबडीचं पीस घेऊन एका फुलाची धूळ दुसऱ्याला लावत बसत. रानातली करवंदं विरळ झाली. घाटाखाली काजूचा मोहोर वाळून पडू लागला.

एक तळेखोल सोडून.

तनुजाच्या पाठराखिणीच्या आता ओळीनं पेट्या झाल्या होत्या आणि सगळ्या घुमत होत्या. आजूबाजूच्या गावांतून बायका यायच्या, वैनी, आमच्या कारल्याच्या मांडवाखाली चार दिवस एक पेटी ठेव म्हणायच्या. लग्नात लाकडाचा डबा दिला म्हणून नाक मुरडणारी सासू आता येईल त्याला सांगायची, आमच्या सुनेचं माहेर तिच्यामागून चालत आलं. फोनवर हे ऐकताना भागोजीला रडू फुटायचं. सगळं गेलं तरी पोरीचा मान राहिला, एवढ्यावर तो जगत होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला गार्गी पुन्हा आली. केस पिकले होते. ईशान्येकडच्या डोंगरांत बिघाड पोचला नव्हता. तिथून तिनं निरोगी मेणपतंग आणून बंद खोलीत वाढवले होते. माशी पूर्ण संपायच्या आत ते सोडता आले तर रान पुन्हा झाडलं जाईल. कात्रीवाले पतंग आपल्याच शापानं जिथं तिथं संपले होते. एका ठिकाणी मात्र ते तग धरून होते. तिनं ठिकाणाचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही.

कात्रीचा वार तिथं कधीमधी चुकला होता, म्हणून तळेखोलला अजून एकाच बाजूनं प्रत मिळालेल्या माद्या होत्या, त्यांची वीण चालू होती. पतंग होता म्हणून तिथं जुनी पोळी राहत नव्हती, म्हणून रोग नव्हता, म्हणून माशी होती. आणि त्याच पतंगांचा एक नर नव्या पतंगांत मिसळला की तेही काही वर्षांत संपणार होते.

भागोजीनं विचारलं, माश्या झटकून बिनपोळ्याच्या पेटीत घेतल्या तर? गार्गी म्हणाली, चार दिवसांत त्या पोळं बांधतील आणि राहिलेली एखादी मादी तिथं पोचेल. त्या मुलखात काही आठवडे मेणाचा कणसुद्धा नसेल, तेव्हाच हा वंश संपेल. तिथल्या रानात ढोल्या मोजक्या, त्या माझी माणसं खरवडतायत. थांबून ते आपोआप संपायची वाट पाहावी, तर तोवर इकडं वाचवण्यासारखी माशी उरणार नाही. मग त्यानं विचारलं, बंद पेटीतून माश्या इकडं आणल्या तर?

"मामा, एकदा नेलेली पेटी आपण दोघांनी पाहिलीय."

भागोजी उठून उभा राहिला. मग म्हणाला, "मी जातो. तुमची माणसं तिच्या दारात धाडू नका."

तळेखोलला तो पोचला तेव्हा तनुजा पेट्यांपाशीच होती. लहान नात तिच्या पदराला धरून उभी होती. बाप अचानक आलेला पाहून ती हरखली, आणि त्याच्या तोंडाकडं पाहून थांबली. पाणी दिलं, भाकरी वाढली. त्यानं घास हातात धरूनच सांगायला सुरुवात केली.

"आबा, माझ्या माश्या आजारी हायत?"

"न्हाईत."

"मग?"

तो सांगत गेला. पोर हुशार, त्याचं सांगून संपायच्या आत तिच्या सगळं ध्यानात आलं. ते त्याला जास्त जड गेलं.

"म्हंजे माझ्याकडं धड हाय म्हणूनच जाळायचं."

"ते धड न्हाय, बाय. त्याच्या पोटी मरण हाय."

"आणलं कुणी ते हितं? मी नको म्हणलं हुतं. तूच म्हणालास, आई न्हाय तर एवढं तरी." ती ताटातल्या भाकरीकडं पाहत होती. "आज मी माश्यांवाली वैनी हाय. उद्या काय सांगू गावाला? साऱ्या मुलखाची काजू ज्या पेटीनं बुडवली ती माझ्या मांडीवर बसून आली म्हणू?"

"माझं नाव सांग. बापानं केलं म्हण."

ती हसली. ते हसणं त्याला सोसवेना.

"बापाचं नाव लेकीच्या अंगावरनं धुऊन काढता येतंय व्हय, आबा?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुपारभर ती घरातली कामं करत राहिली. मंगेशला तिनंच सगळं सांगितलं असावं, कारण तो न बोलता येऊन गवताच्या पेंढ्या आणि रॉकेलचा डबा ठेवून गेला. सासूला कळलं तशी ती अंगणात आली. भागोजीला वाटलं आता तोंड सुटेल. तिनं पेट्यांच्या ओळीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, नातीला उचललं आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

माशी घरी येईपर्यंत थांबावं लागतं. ऊन उतरलं, रानातून माश्या परतू लागल्या, पायांना पिवळे गोळे लावून, एकीमागून एक. भागोजी पायरीवर बसून त्यांना आत जाताना पाहत होता. येणं थांबल्यासारखं वाटलं तसा तो उठला. ओल्या मातीनं त्यानं एकेक दार लिंपलं. आतला आवाज चढला. पेट्या एकाला एक लावून भोवती गवत रचलं. पहिल्या दोन काड्या विझल्या. तनुजा पुढं आली नाही, मागंही गेली नाही. तिसरी काडी लागली.

मेण पेटलं की आवाज होतो, तेल तापल्यासारखा. त्याखाली दुसरा आवाज होता. तो लवकर थांबला. वास सगळ्या गावात गेला असणार, पण कुणी आलं नाही. आपापल्या दारांत माणसं उभी होती.

जाळ बसला तेव्हा थोडा उजेड शिल्लक होता. आणि तेव्हा लांब गेलेल्या माश्या आल्या. मूठभर असतील. जिथं दार होतं तिथं हवेत फिरल्या, राखेवरून वर उठल्या, पुन्हा खाली आल्या. त्यांना जागा बरोबर माहीत होती. शेवटी त्या अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्यावर, ऊन खाऊन कोमट राहिलेल्या कोपऱ्यात, एकमेकींना चिकटून बसल्या. राणी नाही, घर नाही. त्यांना कात्रीवाला पतंगही विचारणार नव्हता. दोन दिवस जगतील, फार तर तीन.

भागोजीनं डब्यात तळाला राहिलेलं रॉकेल पाहिलं. मग डबा तसाच ठेवला.

तनुजा घरात गेली. त्याला वाटलं, आता ती बाहेर येणार नाही. पण ती बशीत साखरेचं पाणी कालवून घेऊन आली. त्यात तिनं वाळल्या गवताच्या काड्या टाकल्या, माशी पाण्यात बुडू नये म्हणून टाकतात तशा, आणि बशी त्या घोळक्याला लावून ठेवली. याचा काही उपयोग नाही, हे तिला बापाइतकंच ठाऊक होतं. एक माशी काडीवर उतरली आणि तिनं पाण्याला तोंड लावलं.

"आजच्यापुरतं," ती म्हणाली. ते ती कुणाला म्हणाली हे भागोजीला कळलं नाही. त्यानं राखेपाशी उभं राहूनच हातातली पिशवी खांद्याला लावली. तिनं त्याला राहा म्हटलं नाही.